बाबांच्या नावाचा फोन

घरचे ब्रॉडबँड बदलायचे ठरले तेव्हा मी सौ.ला सांगितले, आठ दिवसांचे काम आहे. सरकारी खात्यात चोवीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. आठ दिवसांत काय होते आणि काय होत नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असावे? पण खासगी कंपनी म्हटली की आम्हा सरकारी नोकरांनाही उगाच वाटते, तिकडे सगळे चुटकीसरशी होत असणार. आठ दिवसांचे पाच महिने झाले.

आधी घरच्या फोनविषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही.

आमचे घर फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी टेलिफोनसाठी अर्ज केला तेव्हा मी हायस्कुलात होतो आणि फोन प्रत्यक्ष घरात आला तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्गात, १९९४ साली. मधली वर्षे तुम्हीच मोजा. फोन येणार म्हणून बाबांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाचे एक उंच स्टूल करून घेतले, खाली एक खण, वर फोन. आईने क्रोशाचे झाकण विणले. वाड्यावर तो पहिला फोन. मग जे सगळीकडे व्हायचे तेच झाले. आसपासच्या सात-आठ घरांतल्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापून यायला लागला, पुढे कंसात 'पी.पी.'. तरुण वाचकांसाठी सांगतो, पी.पी. म्हणजे फोन दुसऱ्याच्या घरी आहे, हाक मारून बोलावून देतील. ती हाक मारायचे काम माझ्याकडे होते.

मामा दुबईला. त्याचा फोन शुक्रवारी यायचा, कारण तेव्हा तिथली सुट्टी शुक्रवारची. शेजारच्या दोन घरांतले मुलगेही आखातातच होते. त्यांचे आईवडील शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सोप्यावर येऊन बसत. फोन कधी कधी येतच नसे, मग चहा पिऊन, 'कामात असेल' म्हणून उठत. मावशी बेळगावला, शहापुरात. तिला आम्ही फोन करायचो तो रात्री अकरा वाजून गेल्यावर, कारण तेव्हापासून एसटीडीला पाव दर लागायचा. बिचारी झोपेतून उठून बोलायची आणि पहिली दोन मिनिटे कोण मेले तेच विचारायची.

पुढे नंबराच्या सुरुवातीला दोनचा आकडा जोडला गेला नि सहाचे सात आकडे झाले. बाकी नंबर तोच. बाबा २०१५ साली गेले. फोन त्यांच्या नावावरच राहिला. लोकांना 'आधी नाव बदलून आणा, मग अर्ज घेऊ' असे रोज सांगणाऱ्या मी घरच्या फोनचे नाव नऊ-दहा वर्षे बदलले नाही. दर महिन्याला बिल यायचे, वर बाबांचे पूर्ण नाव आणि गावचा पत्ता. आई ते बिल हातात घेऊन वाचायची. मी पैसे ऑनलाइन भरून मोकळा व्हायचो, बिलाचा कागद मात्र ती स्टुलाच्या खणात ठेवायची.

ब्रॉडबँड आले तेही याच तांब्याच्या तारेवरून. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, अशी व्याख्या होती. त्या वेगाने एखादा फोटो उघडायचा तर वरून खाली असा उलगडायचा, आधी केस, मग कपाळ. आम्हाला त्याचेही कौतुक होते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली, पण आमच्या तारेला ते कुणी कळवले नव्हते. आणि गोव्याचा पाऊस! जून लागला की जोडांत पाणी शिरायचे, फोनमध्ये कढईत तेल तापल्यासारखा आवाज यायचा आणि मोडेमवरचा दिवा लुकलुकायला लागायचा. मे आणि ऑक्टोबरात गडगडाट. गडगडले की मोडेमची तार उपटायची हे आईचे खाते. दोन मोडेम जळल्यावर तिने ते स्वतःकडे घेतले होते. झोपेतूनही उठून उपटायची.

२०२० च्या टाळेबंदीत सांगे-सत्तरीतली मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती. आमच्या कन्येने तेव्हा घराच्या पाठीमागे, पोरसात, पेरूच्या झाडाखाली टेबल मांडून मोबाइलवर वर्ग केले. तेही दिवस गेले. आता ती इंजिनिअर झाली आहे आणि पुण्याच्या एका कंपनीत कामाला आहे, घरून काम करण्याच्या सवलतीने. सवलत म्हणजे नेट चालेपर्यंत. गेल्या जूनमध्ये एका आठवड्यात तिसऱ्यांदा मीटिंगमधून बाहेर फेकली गेली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, मी पुण्यात खोली बघू का?"

तेव्हा ठरले. जुन्या कंपनीकडे फायबरसाठी अर्ज देऊन आठ महिने झाले होते. 'तुमच्या वाड्यावर अजून फायबर पोचलेले नाही' हे उत्तर मला पाठ झाले होते. नवी कंपनी मुख्य रस्त्यापर्यंत आली होती. रात्री जेवताना आईला सांगितले. तिने एकच विचारले, "नंबर हाच राहील ना रे?"

"हो गं, हल्ली नंबर तोच ठेवता येतो," मी म्हटले आणि भात कालवला.

मी खोटे बोललो नव्हतो. माझा मोबाइल मी एका कंपनीतून दुसरीत नेला होता, नंबर तोच राहिला होता. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. लँडलाइनचेही तसेच असणार असे मी गृहीत धरले. विचारले नाही. लोकांच्या अर्जावर 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारणारा मी.

नव्या कंपनीचा मुलगा फोंड्याच्या बाजारात छत्री उभारून बसला होता. त्याने आधार कार्डाचा फोटो काढला, मोबाइलवर चार बोटे फिरवली आणि म्हणाला, "सर, तीन दिवसांत कनेक्शन. श्रावण लागायच्या आत." श्रावण लागला. पहिले पथक आले ते रस्त्यावरचा खांब बघून गेले. दुसऱ्याकडे शिडी नव्हती. तिसरे आले तेव्हा आमच्या चुलतभावाने त्यांना अडवले. तार त्याच्या माडांवरून येणार होती. "माझ्या माडाला खिळा मारायचा नाही. आज वायर, उद्या वाट मागाल." गोव्यात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ फोडून सांगायला नको. वाटेवरून दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मी कायदा बोलायला गेलो, तो अधिक बिथरला. शेवटी आईने हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या आणि डबा घेऊन स्वतः त्याच्याकडे गेली. काय बोलली कुणास ठाऊक. संध्याकाळी तो स्वतःच येऊन म्हणाला, "काकी म्हणते म्हणून. पण खिळा नको, दोरीने बांधा."

म्हणजे त्या तारेसाठी रदबदली केली ती तिनेच. हे मला नंतर फार टोचले.

हेल्पलाइनबद्दल काय लिहावे? गोवा टेलिफोनच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो, त्यामुळे 'मराठीसाठी अमुक दाबा' हा पर्याय आपल्याला मिळतो. (घरात आम्ही कोकणी बोलतो आणि वाचतो-लिहितो मराठी. या लेखातले संवादही मुळात कोकणीच, एवढे समजून घ्या.) मराठीसाठी दाबले की अत्यंत शुद्ध, पुणेरी वळणाची बाई सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई. एकदा मी सव्वीस मिनिटे सनई ऐकली, लग्न लागून पंगत बसली असती. पलीकडचा मुलगा बोलायला आला की मात्र हिंदी. तो 'सर' म्हणतो, दिलगिरी व्यक्त करतो, तक्रार क्रमांक देतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमच्या सेवेला ५ पैकी किती गुण द्याल? घरी कोणी फिरकलेले नसते. एकदा तर एकाने फोन करून सांगितले, "सर, ओटीपी आला असेल तो सांगा, म्हणजे मला तक्रार बंद करता येईल." मी विचारले, "काम कधी करणार?" तो म्हणाला, "काम उद्या, पण तक्रार आज बंद व्हायला हवी."

मी चिडलो, ओरडलो. फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "महिनाअखेरीला तुम्ही काय करता?" आमच्या खात्यात दर महिन्याला प्रलंबित प्रकरणांचा तक्ता वर जातो. आकडा फुगला तर साहेब बोलावतात. मग तीस तारखेला काही फायलींवर 'पक्षकारास कागदपत्रे सादर करण्यास कळविले' असे लिहून त्या दुसऱ्या रकान्यात टाकायच्या. पक्षकार उन्हातान्हातून येतो, त्याला वाटते काम झाले. मी तिला उत्तर दिले नाही.

याच एका फोनवर, असाच जाता जाता, मी जुन्या नंबरचे विचारले. मुलगा म्हणाला, "सर, लँडलाइनला पोर्टिंग नसते. तुम्हाला आमचा नवा नंबर मिळेल, फ्री." फ्री हा शब्द त्याने दोनदा उच्चारला.

आईला मी लगेच सांगितले नाही. चवथ जवळ आली होती, माटोळीचे सामान जमवायचे होते, तेवढे कारण पुरले. जुनी तार तोपर्यंत पार मेली होती. चवथीच्या दिवशी घरचा फोन वाजला नाही, असे ते पहिलेच वर्ष. मामाने माझ्या मोबाइलवर केला, मावशीच्या सुनेने व्हॉट्सॲपवर मोदकाचे चित्र पाठवले. आईने आरतीनंतर दोनदा रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि ठेवला. रात्री मी सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. "तू तर म्हणाला होतास," एवढे म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मुलगी घरात राहते ना त्याने? मग काढा."

तुम्ही म्हणाल, नुसता फोन ठेवायचा, ब्रॉडबँड तेवढे काढायचे. तोही विचार केला. पण तार दुरुस्त होणार नव्हती. आमच्या वाड्यावरचे बाकीचे फोन लोकांनी केव्हाच बंद केले होते आणि एका घरासाठी एवढ्या लांबीचे तांबे कोण बदलणार? मुक्या फोनचे भाडे भरून नंबर नुसता कागदावर जिवंत ठेवायचा, हे माझ्या हिशेबी मनाला पटले नाही. पटायला हवे होते की काय, हे आजही ठरवता येत नाही. भाडे परवडण्यासारखे होते.

जुन्या कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरपलीकडे निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. माझ्याच जातीच्या, म्हणजे कारकुनाच्या. फोन बाबांच्या नावे, म्हणून मृत्यूचा दाखला, आईचे संमतीपत्र, शेवटचे बिल, १९९४ ची अनामत रकमेची पावती. पावती आईच्या खणात होती, घडीवर झिजलेली. नशीब, सक्सेशन डीड मागितले नाही. फॉर्मवर 'कनेक्शन बंद करण्याचे कारण' असा रकाना होता आणि खाली चौकटी. दर जास्त. सेवा समाधानकारक नाही. स्थलांतर. इतर. मी पेन धरून बराच वेळ बसलो असणार, कारण बाई म्हणाल्या, "इतरवर करा खूण, सगळे तेच करतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मास्तरांचा ना हो फोन? एकदा सही केली की नंबर गेला. घरी विचारलेय ना?"

घरी विचारलेय असे मी सांगितले आणि सही केली.

नवे कनेक्शन आले ते ऑक्टोबरच्या शेवटी. जोडायला आलेला मुलगा खानापूरचा होता, छान बेळगावी मराठी बोलणारा. मी तार कोपऱ्यात नीट बसावी म्हणून दुमडायला गेलो तर ओरडला, "वाकवू नका हो सर, आत काच हाय की!" काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर आपली सगळी बडबड, हे त्याने आईला इतके गोड समजावले की तिने त्याला दोनदा चहा दिला. तार तुटली तर वितळवून जोडायचे यंत्र लागते, हाताने पीळ देऊन चालत नाही. पेटीवर लाल दिवा लागला म्हणजे प्रकाश पोचत नाही, इतके लक्षात ठेवा आजी. वीज कडाडली तरी तार उपटायची गरज नाही, काचेतून वीज येत नाही, पेटीचा प्लग तेवढा काढायचा. आईचे निम्मे खाते गेले.

नेट उत्तम चालते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कन्या दिवसभर बोलत असते, फेकली जात नाही. खोलीचा विषय पुन्हा निघालेला नाही.

फोनही त्याच पेटीला जोडला. यंत्र आईच्या हट्टाने जुनेच, जागाही तीच, नंबर नवा. पहिल्याच पावसाळी रात्री वीज गेली आणि फोन मेला. हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट दाब येत असे, तिकडच्या बॅटऱ्यांवर. त्यामुळे घरात काळोख असला तरी फोन जिवंत असायचा. आमच्या गावात वीज जाणे ही बातमी नव्हे. बाबांना शेवटचा झटका आला ती रात्र काळोखाचीच होती आणि डॉक्टरांना फोन याच यंत्रावरून केला होता. मी दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरचा दर विचारून आलो. पेटीपुरती छोटी बॅटरी मिळते असे कन्येने सांगितले, ती मागवली. चार तास चालते.

मग आईने नवा नंबर कळवायचे मनावर घेतले. स्टुलाच्या खणात एक डायरी आहे, बाबांच्या अक्षरात सुरू झालेली आणि तिच्या अक्षरात पुढे गेलेली. ती समोर घेऊन रोज दुपारी चार-पाच फोन. मोबाइल लावायचा तर आधी शून्य, हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम तिच्या अंगवळणी पडला आहे, माझ्या नाही. मी रविवारी घरी असताना ऐकत होतो. "होय गे, आमचा नंबर बदलला. नाही, घर तेच. नंबर तेवढा." पलीकडे कुणीतरी विचारत असणार की जुन्याला काय झाले. "पोरांच्या नेटासाठी," ती सांगायची. माझे नाव घ्यायची नाही. पन्नासेक नावे होती. बरीच माणसे आता नव्हती, काही नंबर दुसऱ्याच कुणी उचलले, आणि बऱ्याच ठिकाणी तीच बाई भेटली, जी सांगते की हा क्रमांक अस्तित्वात नाही. आई त्या नावावर रेघ मारायची नाही. पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची.

एके दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आलो तर ती स्टुलाजवळ उभी, रिसीव्हर कानाला. बोलत काहीच नव्हती. मी विचारले, कुणाला लावलास? "आपल्यालाच," ती म्हणाली. जुन्या नंबरवर फोन केला होता. मी रिसीव्हर घेतला. तीच बाई. मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी.

"नाही म्हणते," आई म्हणाली. "तीस वर्षे होता की."

अनामत रक्कम परत मिळायला अडीच महिने लागले. ती आईच्या बँक खात्यात जमा व्हावी म्हणून पासबुकाची प्रत जोडली होती, सोबत मृत्यूचा दाखला होताच. तरी आला तो चेक, आणि चेक बाबांच्या नावाने. लिफाफ्यावरही त्यांचेच नाव. मी कपाळाला हात लावला. आता पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला, जुना चेक रद्द करून नवा. मी कागद काढून लिहायलाही बसलो, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून'. आईने लिफाफा हातातून घेतला, चेकवरचे नाव वाचले, आणि बिलांवर ठेवून खण लावला.

"अगं, मुदत असते त्याला. तीन महिने फक्त," मी म्हटले.

"असू दे," ती म्हणाली.

मुदत गेल्या महिन्यात संपली. अर्ज अर्धा लिहिलेला माझ्या बॅगेत आहे.